यमाशी बोलणारी

कार्तिकात जत्रांचा हंगाम उघडला की तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर रात्री जाग्या होतात. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडीकडच्या दशावतारी मंडळ्या पेडण्यात उतरतात. देवळापुढे खाजे, लाडू, चण्यांची दुकाने लागतात, अबोलीचे वळेसर विकायला बसतात, पालखी फिरते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराचा खेळ, म्हणजे कालो, उभा राहतो. रंगभूमी म्हणजे एक लाकडी बाकडे. राजाचे सिंहासन तेच, अरण्यातले झाडही तेच. आधी आडदशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग मालवणीत बोलून लोकांना हसवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. त्यानंतर आख्यान. ते कोणते लावायचे हे पुष्कळदा त्याच संध्याकाळी ठरते. लिखित संहिता नसते. नटांना कथा ठाऊक असते, पात्रे वाटून घेतली जातात, आणि संवाद बाकड्यापाशी उभ्याउभ्या सुचतात. नाईक पायपेटीवर पद उचलतो, पखवाज आणि झांज त्याला धरून चालतात.

आख्यान सावित्रीचे असेल तर पहाटेच्या तोंडावर त्या बाकड्यावर सत्यवान आडवा झालेला असतो आणि लाल वस्त्रांतला यम हातात पाश घेऊन समोर येतो. त्याच्यासमोर सावित्री, म्हणजे लुगडे नेसलेला, गजरा माळलेला पुरुष. मंडळीत अशा नटाला स्त्रीपार्टी म्हणतात. येथून पुढे रडणे फार वेळ चालत नाही. लोकांना धरून ठेवायचे तर बोलावे लागते, आणि तेही यमाला निरुत्तर करील असे.

मृत्यू आणि तरुण मुलगी ही जोडी जगभरच्या चित्रकारांनी आणि कवींनी रंगवली आहे. पेडणे-डिचोलीच्या मुलखात ती काल्यात भेटते, आणि गोव्यातल्या जुन्या सतीच्या दगडांवर तिची दुसरीच एक बाजू कोरलेली आहे. बाकड्यापाशी उभी राहून बोलणारी आणि दगडात हात वर करून गप्प उभी असलेली, या दोघींना आपल्या समाजाने शतकानुशतके एकाच पंक्तीत बसवले. त्या एका पंक्तीतल्या नाहीत असे माझे ठाम मत आहे.

मूळ कथा महाभारताच्या वनपर्वातली. द्रौपदीच्या हरणानंतर खचलेल्या युधिष्ठिराला मार्कंडेय ऋषी ती सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती याने अठरा वर्षे व्रत केल्यावर झालेली ही मुलगी. तिच्या तेजाला बिचकून कोणी तिला मागणी घालीना, तेव्हा बापाने तिलाच सांगितले, जा, आपला वर आपण शोध. ती वृद्ध मंत्र्यांना घेऊन रथातून निघाली आणि राज्य गमावलेल्या, आंधळ्या द्युमत्सेनाच्या मुलाला, सत्यवानाला, निवडून आली. नारदांनी सांगितले, हा बरोबर एका वर्षाने मरणार. तरीही तिने निवड बदलली नाही. नेमक्या दिवसाच्या आधी तीन दिवस-रात्रींचे व्रत करून ती नवऱ्यामागोमाग रानात गेली. लाकडे फोडताना सत्यवानाचे डोके दुखू लागले, त्याने तिच्या मांडीवर डोके ठेवले, आणि समोर लाल वस्त्रे नेसलेला, लाल डोळ्यांचा, पाशधारी पुरुष उभा राहिला. दूतांना न पाठवता तो स्वतः आला होता. सत्यवानाच्या देहातून त्याने अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढला आणि तो दक्षिणेकडे चालू लागला. सावित्री त्याच्यामागे निघाली.

यापुढचा भाग काल्यात, कीर्तनात, सिनेमात सारखा कापला जातो, पण कथेचा जीव त्यातच आहे. यम म्हणतो, परत जा, त्याचे उत्तरकार्य कर. ती म्हणते, सात पावले बरोबर चालले की मैत्री होते असे जाणते लोक सांगतात. त्या मैत्रीच्या हक्काने मी बोलते, ऐक. मग ती धर्माविषयी, सज्जनांच्या संगतीविषयी, सत्पुरुषावर ठेवलेल्या विश्वासाविषयी बोलत जाते. तिच्या वाणीतले स्वर, अक्षरे आणि युक्तिवाद यांनी आपण संतुष्ट झालो असे यम सांगतो. मृत्यूने एखाद्या मुलीच्या भाषणाची इतकी बारकाईने दाद द्यावी, असा दुसरा प्रसंग माझ्या वाचनात नाही. प्रत्येक वेळी तो वर देतो, सत्यवानाचा जीव सोडून काहीही माग म्हणतो. पहिला वर सासऱ्याच्या डोळ्यांसाठी, दुसरा त्याच्या राज्यासाठी, तिसरा आपल्या बापाला शंभर पुत्र व्हावेत म्हणून. स्वतःसाठी ती चौथ्यांदा मागते, सत्यवानापासून शंभर पुत्र. यम देतो. तेव्हा ती सांगते की नवऱ्यावाचून हा वर खरा कसा होईल, आणि त्याच्यावाचून मला सुख नको, जगणेही नको. यम पाश सोडतो.

शेवटचे ते वाक्य महत्त्वाचे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्यावाचून जगायचे नाही असे ती म्हणते खरी. पण ते ती यमाच्या तोंडावर म्हणते, वादाच्या शेवटच्या पायरीवर, त्याने दिलेल्या शब्दात त्याला अडकवून. कथेत चिता नाही. सत्यवान उठून बसतो, रात्र झालेली असते, आईबाप वाट पाहत असतील म्हणून तो काळजीत पडतो, आणि ती त्याला आधार देत आश्रमाकडे घेऊन जाते.

युरोपातल्या चित्रकारांच्या मनात मृत्यू कसा होता हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्याच युरोपातली माणसे पुढे मांडवीच्या मुखाशी येऊन थडकली. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीनंतर तिकडे मृत्यूच्या नाचाची चित्रे चर्चच्या आणि स्मशानांच्या भिंतींवर रंगू लागली. राजा, पाद्री, सावकार, कुणबी, प्रत्येकाचा हात धरून सांगाडा नाचतो. त्या रांगेतली तरुणी पुढे एकटी वेगळी काढली गेली. हान्स बाल्डुंग ग्रीन याने १५१७ साली काढलेले चित्र बासेलच्या संग्रहालयात आहे: मृत्यूने उघड्या अंगाच्या मुलीचे केस मुठीत धरले आहेत आणि दुसऱ्या हाताने तो तिला खाली खड्डा दाखवतो आहे. ती हात जोडून रडते. मातियास क्लाउडियुस या जर्मन कवीने अठराव्या शतकात हाच प्रसंग एका छोट्या कवितेत घेतला. मुलगी म्हणते, मी अजून लहान आहे, पुढे जा. मृत्यू म्हणतो, मी मित्र आहे, माझ्या मिठीत तुला शांत झोप लागेल. विशीतल्या शूबर्टने १८१७ साली तिला चाल लावली, आणि १८२४ साली आजाराने पोखरलेला असताना त्याच चालीवर आपल्या चार तंतुवाद्यांच्या रचनेचा दुसरा भाग उभारला. चार वर्षांनी तो गेला. वय ३१.

मैत्रीचे नाते दोन्हीकडे आहे. जर्मन कवितेत मित्र असल्याचे मृत्यू सांगतो आणि मुलगी गप्प होते. वनपर्वात तेच नाते मुलगी पुढे करते आणि यमाला थांबून ऐकावे लागते.

आपल्याकडच्या मृत्यूलाही स्त्रियांचे बोलणे ऐकण्याची जुनी सवय आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्याची जुळी बहीण यमी त्याच्याशी वाद घालते. भाऊबीजेला तो बहीण यमुनेच्या घरी जेवायला जातो, आणि त्याच्या आदल्याच दिवसांत, धनत्रयोदशीला, त्याच्यासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवला जातो. शांतिपर्वात तर भीष्म युधिष्ठिराला अशी कथा सांगतो की मृत्यू स्वतःच तरुणी होती. प्रजा मरेना, पृथ्वीला भार झाला, तेव्हा ब्रह्मदेवाच्या देहातून काळ्या-लाल वस्त्रांची, लाल डोळ्यांची, कुंडले घातलेली एक मुलगी बाहेर आली. त्याने तिला प्राण्यांना मारण्याची आज्ञा केली. ती रडू लागली. लहान मुले, भाऊ, आईबाप यांना मी कशी मारू, त्यांच्या माणसांचे अश्रू मला जाळतील, असे म्हणून तिने नकार दिला आणि ती तप करायला निघून गेली. अफाट काळ एका पायावर उभी राहिली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत झेलले होते. शेवटी त्याने सांगितले की हे अश्रूच रोग होतील, काम आणि क्रोध माणसांना मारतील, तुला पाप लागणार नाही. शापाच्या भीतीने तिने होकार दिला. नकार देणारी, मग दडपणाखाली कबूल होणारी ही मुलगी सावित्रीइतकी प्रसिद्ध झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता गोव्याकडे. १५१० च्या नोव्हेंबरात आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवे शहर दुसऱ्यांदा घेतले. शहरातल्या मुसलमानांची त्याने सरसकट कत्तल केली. त्याच माणसाने विधवांना जाळण्यास मनाई केली. त्याचा मुलगा ब्रास याने १५५७ साली बापाच्या कारकिर्दीवर जो ग्रंथ छापला त्यात ही मनाई नोंदलेली आहे, आणि बायका त्याला दुवा देत असेही त्यात म्हटले आहे. बापाची कीर्ती वाढवणारा ग्रंथ म्हणून तो सावधपणे वाचला तरी मनाई झाली यात शंका नाही. बेंटिंकने बंगालात सतीबंदीचा कायदा केला १८२९ साली, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी.

पण ही मनाई चालत होती ती अल्बुकर्कच्या हाती आलेल्या तिसवाडीत. बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेले १५४३ साली. पेडणे आणि डिचोली आणखी अडीचशे वर्षे बाहेर राहिले, आधी आदिलशाहीत, पुढे मराठ्यांच्या आणि वाडीकर सावंतांच्या सत्तेत. नदीच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. याच कारणाने नदीपलीकडचा हा मुलूख अलीकडच्या देवांचा आसराही झाला. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ मोडले गेले तेव्हा लिंग नदी ओलांडून डिचोलीत नार्व्याला आले, आणि तिथे १६६८ साली शिवाजीमहाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींत इन्क्विझिशनने लग्नातली गाणी, तुळशीवृंदावने, पेहराव यांवर बंधने घातली, १७३६ चा जाहीरनामा तर लांबलचक यादीच आहे. तिथे देवळापुढे रात्रभर महाभारत खेळणे अशक्य होते. जेजुइटांनी सोळाव्या शतकात उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कोकणी आणि मराठी कथा आज पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीत पडून आहेत. लोकांच्या तोंडची कथा तिकडे कागदावर अडकली, नदीपलीकडे ती उभी राहून बोलत राहिली. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत कालो टिकला त्यामागे हा भूगोल आहे.

त्याच भूगोलाची काळी बाजू दगडावर दिसते. कदंबकाळापासूनचे वीरगळ आणि सतीशिळा गोव्यात ठिकठिकाणी सापडल्या. काही पणजीच्या राज्य संग्रहालयात आहेत, काही जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिसच्या मठात असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयात. वीरगळावर टप्प्याटप्प्याने गोष्ट असते: खाली लढाई, कधी जहाजांची, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. सतीच्या दगडावर एक खांब, त्यातून फुटलेला कोपरात वाकवलेला उजवा हात, मनगटात न फुटलेल्या बांगड्या, माथ्यावर चंद्र-सूर्य. हा हात अखंड सौभाग्य सांगतो. बाईचा चेहरा बहुधा नसतोच. आणि या ठरलेल्या रचनेत यमाला जागा नाही. कथेत तो होता म्हणून तिला कोणाशी तरी बोलता आले. दगडावर तिच्यापुढे कोणी नाही. प्रश्न विचारणारा नाही, वर देणारा नाही, हरणारा नाही. अग्नीही दाखवलेला नसतो. उरतो फक्त हात, पुढच्या पिढ्यांनी शेंदूर लावावा म्हणून.

सावित्रीच्या नावाचा दाखला अशा दगडांना दिला गेला तेव्हा कथेतली अर्धी गोष्ट पुसली गेली. ती मागे गेली एवढे लक्षात राहिले, ती बोलली हे राहिले नाही. हा केवळ अर्थाचा गोंधळ नव्हता. अकरा-बारा वर्षांच्या मुली चाळिशीच्या पुरुषांना दिल्या जात होत्या अशा काळात याची किंमत कोणी मोजली हे वेगळे सांगायला नको.

अठराव्या शतकात हा मुलूख हातोहात गेला. १७४६ साली व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदाने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल त्याला आलोर्नाचा मार्केझ ही पदवी मिळाली. पुढे किल्ले परत गेले, पुन्हा आले. १७८१ पासून डिचोली, सत्तरी, पेडणे एकामागून एक पोर्तुगीजांनी व्यापले, आणि १७८८ साली कोल्हापूरकरांशी झगडणाऱ्या वाडीच्या खेम सावंताने मदतीच्या बदल्यात ते कायमचे लिहून दिले. या नव्या काबिजादींतल्या लोकांच्या धर्माला आणि रूढींना हात लावणार नाही असे वचन सरकारने दिले. १८५३ साली तिथल्या रहिवाशांच्या रूढींची संहिताही केली. देवळे राहिली, जत्रा राहिल्या, वाडीकडच्या मंडळ्या नदी ओलांडून येत राहिल्या. पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जाणाऱ्या या नटांना सरहद्द म्हणजे एक होडी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यम-सावित्रीची जोडी काल्याबाहेरही अचानक सगळीकडे दिसू लागते. शिळाछाप चित्रांतून रेड्यावरचा यम आणि हात जोडलेली सावित्री घरोघरच्या भिंतींवर आली. दादासाहेब फाळक्यांनी १९१४ साली ‘सत्यवान सावित्री’ काढला, आणि त्याच वर्षी ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. खाडिलकरांचे ‘सावित्री’ नाटक १९३३ चे. १९३७ साली बॉम्बे टॉकीजच्या पडद्यावर देविकाराणी सावित्री झाली. मात्र मला सर्वांत जवळचे वाटते ते एका इंग्रजाचे काम. गुस्टाव होल्स्ट याने संस्कृत शिकून वनपर्वातली ही कथा घेतली आणि १९०८ च्या सुमारास तीनच पात्रांची छोटी संगीतिका लिहिली: सावित्री, सत्यवान, मृत्यू. वादक मोजके, बायकांचा गायकवृंद पडद्याआड. सुरुवातीला वाद्य नाही. मृत्यूचा एकटा खर्ज दुरून येतो, आणि सावित्री त्याला उत्तर देते. पहिला प्रयोग लंडनमध्ये १९१६ च्या डिसेंबरात झाला, सॉमची लढाई नुकती संपली होती तेव्हा. घरोघरी तरुण मेलेले होते. त्या शहराला मृत्यू परत फिरल्याची गोष्ट पेडण्याच्या काल्याइतक्याच कमी सामानात ऐकवली गेली. होल्स्टने कालो पाहिला नव्हता. कथेचाच तसा आकार आहे. तिला दोन माणसे आणि त्यांचे बोलणे पुरते.

ज्येष्ठी पौर्णिमेला गोव्यात पाऊस कोसळत असतो. बायका वडाला सूत गुंडाळतात, आंबे-फणस वाणात देतात. वनपर्वात वड नाही, तो पुराणांच्या व्रतकथांतून आला. या पूजेला विधवेने जायचे नाही अशी चाल होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. यमाशी ज्यांची प्रत्यक्ष गाठ पडली त्यांनाच सावित्रीच्या झाडाखाली मज्जाव, ही चाल मला कधी पटली नाही, आणि वनपर्वात तिला आधार नाही. काल्याच्या मांडवात मात्र सुवासिनी आणि विधवा एकाच सतरंजीवर बसत आल्या. तिथे सगळ्यांना सगळे ऐकता येते.

१९८७ च्या सप्टेंबरात राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकंवर जाळली गेली, आणि त्यानंतर सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा झाला. संग्रहालयांतल्या सतीशिळांखालच्या पाट्यांनी निदान एवढे करावे: कोरलेला हात काय सांगतो त्याबरोबर तो काय सांगत नाही हेही लिहावे.

काल्याकडूनही मागणे आहे. आता मंडळ्यांकडे ध्वनिक्षेपक आहेत, रंगीत दिवे आहेत, ट्रिकसीन आहेत. यम धुरातून प्रकटतो, पाश चमकतो. स्पर्धेत वेळ बांधलेला असतो, म्हणून वरांचा संवाद दोन-तीन वाक्यांत उरकला जातो आणि सावित्री रडूनच जिंकते. ज्या जुन्या नटांनी हा वाद पहाटेपर्यंत ताणलेला आहे, ते अजून पेडण्यात, दोडामार्गात, वेंगुर्ल्यात आहेत. कला अकादमीने त्यांना बोलवावे आणि सावित्री-यम संवाद एकदा संपूर्ण, नाइकाच्या पदांसकट, वेळेची अट न घालता ध्वनिचित्रमुद्रित करावा. एकाच नटाचा नव्हे, चार-पाच जोड्यांचा, कारण प्रत्येकाची सावित्री वेगळ्या वाटेने यमापर्यंत पोचते. आणि बोलावताना यमाची भूमिका करणाऱ्यालाही तितक्याच मानाने बोलवावे. त्याने अडवले नाही तर तिला उत्तर सुचत नाही, हे बाकड्यापाशी उभ्या राहिलेल्या कोणत्याही स्त्रीपार्टी नटाला ठाऊक आहे.